बोललं की मोडतं

“दोन देऊ?” ल्युएलानं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

लेलँड वोसिकानं नुसती मान हलवली. तिनं कागदी पिशवीत दोन कोलाचे घातले. मध्ये सारण भरलेले ते गोड पाव चर्चच्या बायका पहाटे उठून भाजत आणि मैदानाच्या फाटकाशी टेबल मांडून विकत. एक जर्दाळूचा, तो लेलँडचा. एक खसखशीचा, तो बर्नाडीनचा. बर्नाडीनला जाऊन दोन हिवाळे झाले होते, तरी तिचा नवरा अजून दोन्ही घेत होता आणि सामना संपला की खसखशीचा घरामागच्या कुंपणावर पाखरांसाठी ठेवत होता. हे ल्युएलाला ठाऊक होतं. डॉर्न क्रीक गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण त्यावर बोलत कुणी नव्हतं.

“हवा छान पडलीय आज,” ल्युएला म्हणाली.

“वारा आहे.”

“वारा काय, नेब्रास्कात असायचाच.”

तिला आणखी काही विचारायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मागं रांग होती, आणि नसती तरी तिनं विचारलं नसतं. लेलँड पिशवी घेऊन आत गेला.

आत शिरल्यावर डाव्या हाताला ती विटांची भिंत. डॉर्न क्रीक विद्यापीठाच्या बेसबॉलचा सगळा इतिहास तिच्यावर पितळेच्या पट्ट्यांत ठोकलेला. युद्धावरून परतलेल्या एका भूगर्भशास्त्राच्या मास्तरांनी गुरं चरायच्या कुरणात टीम उभी केली आणि पहिल्या वर्षी पोरं लष्करी बूट घालून खेळली, ती पट्टी सगळ्यात वर. खाली तीन वेळा जिंकलेली विभागाची ढाल. एकदा राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मारलेली धडक, जिचं वर्णन गावात दर नाताळाला थोडं थोडं वाढतं. आणि कोपऱ्यात एका मोठ्या पट्टीवर ‘नो-हिटर’ हा शब्द आणि त्याच्याखाली एकच नाव: लेलँड वोसिका, १९७३. नावाखाली बरीच जागा मोकळी सोडलेली होती. पुढं आणखी नावं येतील असं ठोकणाऱ्याला वाटलं असावं. आली नाहीत.

नो-हिटर म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरनं अख्ख्या नऊ इनिंगच्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट मिळू न देणं. एकाही फलंदाजानं चेंडू मारून पहिला बेस गाठायचा नाही. मोठमोठ्या पिचरांचा जन्म जातो आणि हे जमत नाही. लेलँडला ते एकविसाव्या वर्षी जमलं. त्याच उन्हाळ्यात त्याचा खांदा कामातून गेला आणि उरलेलं आयुष्य त्यानं गावच्या पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचण्यात काढलं. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं तो स्वतःबद्दल म्हणायचा. पण भिंतीसमोरून जाताना त्याचे पाय जरा सावकाश पडायचे, हेही खरं होतं.

आज ते जास्तच सावकाश पडले. जानेवारीत विद्यापीठानं जाहीर केलं होतं की मुलं कमी झाली, पैसा पुरत नाही, या मोसमानंतर बेसबॉल बंद. मैदानावर गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. भिंतीवरच्या पट्ट्या वाचनालयाच्या तळघरात जाणार होत्या. आजचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा.

फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागं बसायला चर्चचे बाक आहेत. जुनं स्टँड एका वावटळीनं उचलून मक्याच्या शेतात नेऊन टाकलं, तेव्हा ल्युथरन मंडळींनी आपले बाक काढून दिले. त्यांच्या पाठीला प्रार्थनेची पुस्तकं ठेवायचे कप्पे अजून आहेत. त्यात लोक कॉफीचे पेले ठेवतात. चर्चमधल्यासारखीच इथंही ज्याची त्याची जागा ठरलेली. लेलँडची तिसऱ्या रांगेत, कडेची. तिच्या शेजारी बर्नाडीनची. तिथं तिची हिरव्या चौकड्यांची गादी असायची. लेलँड ती घरून आणायचा, अंथरायचा आणि जाताना परत न्यायचा. त्या गादीवर दोन वर्षांत कुणी बसलं नव्हतं. गर्दीच्या दिवशीही लोक उभे राहायचे, पण तिथं बसायचे नाहीत.

“आलास का म्हाताऱ्या?” मागच्या रांगेतून गेलॉर्ड टेप्ली म्हणाला. टायरचं दुकान मुलाच्या हवाली करून आता दिवसभर लोकांची खोडी काढायला मोकळा झालेला हा माणूस. १९७३ साली लेलँडचे चेंडू झेलणारा कॅचर हाच. “मला वाटलं, शेवटच्या दिवशी तरी टाय बांधून येशील.”

“तुझी बायको तुला टाय बांधू देते का?”

“ती मला सदरासुद्धा तिच्या पसंतीचा घालायला लावते लेका.” गेलॉर्ड हसला आणि मग एकदम गप्प झाला. बायकोचा विषय निघाला की तो असाच गप्प व्हायचा. त्याचं मन चांगलं होतं, पण त्या चांगुलपणानं लेलँडचा हल्ली जीव गुदमरायचा.

सामना सुरू झाला. आपल्या बाजूनं रिगोबेर्तो झामुदिओ पिचिंग करत होता. बुटका, रुंद खांद्यांचा, शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याचे आईवडील दोन तासांवरच्या गावात मांसाच्या कारखान्यात होते आणि शनिवारची पाळी त्यांना चुकत नसे, म्हणून चार वर्षांत ते फारसे कधी आले नव्हते. गाव त्याला रिगो म्हणायचं.

पहिल्या इनिंगला लोकांनी गप्पा मारल्या. दुसऱ्या, तिसऱ्यालाही मारल्या. चौथ्या इनिंगच्या शेवटी फळ्यावर पाहुण्यांच्या ‘हिट’च्या रकान्यात शून्यच होतं. पाचव्यालाही ते शून्यच राहिलं तेव्हा गप्पा खालच्या आवाजात आल्या.

“हे पोर आज काय...” गेलॉर्डनं सुरुवात केली आणि तोंडावर हात ठेवला.

कारण रीत अशी होती की नो-हिटर चालू असेल तर तो शब्द उच्चारायचा नाही. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. दृष्ट लागते. बोललं की मोडतं.

सहाव्या इनिंगनंतर रिगो डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या छपरात, आला आणि बाकाच्या टोकाला बसला. बाकीची सगळी मुलं दुसऱ्या टोकाला सरकली. कोचनं टोपी डोळ्यांवर ओढून शेताकडे पाहिलं. रिगोला पाणी हवं होतं. पाण्याची टाकी मुलांच्या घोळक्यापाशी होती. तो उठला तसा घोळका वाट देऊन पांगला, आणि तो पाणी पिऊन परत येऊन एकटा बसला.

लेलँडला तो बाक माहीत होता. पन्नास वर्षांपूर्वी तिथंच, त्याच टोकाला, तो बसला होता. त्या दिवसाचा जल्लोष, अंगावर ओतलेलं सरबत, गेलॉर्डनं घातलेली मिठी, हे सगळं लोक त्याला सांगायचे म्हणून त्याला आठवायचं. स्वतःहून आठवायचा तो फक्त बाक. आपण काही वाईट केलंय आणि सगळ्यांना ते कळलंय, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. का बोलत नाहीत हे ठाऊक असूनही वाटलं होतं.

आणि तरीही, सातव्या इनिंगला पाहुण्यांचा उंचापुरा फलंदाज उभा राहिला तेव्हा लेलँडच्या मनात आलं, पडू दे एक. एकच हिट पडू दे.

त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण आलं ते आलं. आजनंतर इथं कुणी चेंडू टाकणार नव्हतं. आज निभावलं की त्या पट्टीवर त्याचं एकट्याचं नाव कायमचं राहणार होतं, तळघरात का होईना. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको गेली होती. जगात त्याचं म्हणून उरलेलं असं काही असेल तर ती पितळेची पट्टी. आणि ते आता एका एकवीस वर्षांच्या पोराच्या हातात होतं, ज्यानं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं.

उंच फलंदाज बाद झाला. लोक टाळ्या वाजवून चटकन थांबले. दोघातिघांनी मान वळवून लेलँडकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग त्याच्या लक्षात आलं की आता त्याच्याशीही कुणी बोलत नाहीये. त्याच्या पुढची रांगसुद्धा रिकामी झाली होती. एक माणूस खाली डगआउटमध्ये आणि एक वर बाकावर, दोघांभोवती सारखीच जागा सोडलेली.

आठव्यातही पाहुण्यांना काही जमलं नाही. रिगो परत येऊन टोकाला बसला. आता त्याचा उजवा गुडघा सारखा हलत होता.

लेलँड उठला. कागदी पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरून डगआउटच्या कठड्याकडे निघाला.

“लेलँड,” मागून गेलॉर्ड म्हणाला. “अरे लेलँड, कुठं चाललास?”

तो थांबला नाही. स्टँडमधला आवाज कुणी झाकण लावल्यासारखा बंद झाला. कोचनं त्याला पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीवरच्या माणसाला हटकायचं कसं, हे त्यालाही सुचलं नसावं.

“खसखशीचा आहे,” लेलँड कठड्यावरून म्हणाला. “आवडतो का?”

रिगोनं आधी मागं पाहिलं. मग त्याला कळलं की प्रश्न आपल्यालाच आहे.

“माहीत नाही. कधी खाल्ला नाही.”

“चार वर्षं इथं राहिलास आणि खसखशीचा खाल्ला नाहीस? ल्युएलाला कळलं तर पदवी मिळू देणार नाही तुला.”

रिगो हसला. हसताना त्याचा गुडघा थांबला. “आमची आई करते असला गोड पाव. वरून साखर लावते. रविवारी.”

“आज येणार होती?”

“पाळी आहे. दोघांचीही.” त्यानं कोलाचे हातात घेतला. “मिस्टर वोसिका, हे का बोलत नाहीत ते कळतं मला. तरीपण...”

“तरीपण,” लेलँड म्हणाला.

रिगोनं कोलाचे नाकाशी नेऊन वास घेतला.

“सामना संपल्यावर खातो,” रिगो म्हणाला. त्यानं कोलाचे कागदात नीट गुंडाळून बाकावर आपल्या शेजारी ठेवला आणि हातमोजा उचलला.

लेलँड जागेवर आला तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघत होते. आता कुणी नजर काढून घेत नव्हतं.

नववी इनिंग. पहिला फलंदाज चेंडू न लागताच बाद झाला. दुसऱ्याचा झेल आकाशात चढला आणि डाव्या बाजूच्या पोरानं तो छातीशी धरला. लोक उभे राहिले. लेलँडही उभा राहिला आणि या वेळी त्याच्या मनात फक्त एवढंच होतं की होऊ दे पोराचं. त्यानं स्वतःला दोनदा विचारून पाहिलं. खरंच तेवढंच होतं.

तिसरा फलंदाज किरकोळ होता. त्यानं बॅट फिरवली ती उशिरा. चेंडू धड लागलाही नाही, बॅटच्या मुठीपाशी लागून कसाबसा उडाला, दुसऱ्या बेसवरच्या मुलाच्या डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या गवतात, तिघांच्या मध्ये, अलगद पडला. फलंदाज पहिल्या बेसवर उभा होता आणि त्यालाही कसंनुसं झालं असावं, कारण तो खाली बघत होता.

फळ्यावरच्या मुलानं शून्य काढून एकाचा आकडा लावला.

पुढचा फलंदाज लगेच बाद झाला. सामना आपण चार-शून्यानं जिंकलो होतो. शेवटचा सामना, आणि जिंकलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, पण सुतक संपल्यावर जेवायला बसावं तसं सगळं चाललं होतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. पण फांदी मोडली की लोक कावळ्याकडेच बघतात.

“जपली बाबा आपली पितळेची पट्टी,” खालून जाताना कुणीतरी म्हणालं. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल इतकं. ल्युएला रिकामी टोपली घेऊन जात होती. तिनं लेलँडकडे पाहिलं आणि हवेबद्दलसुद्धा काही बोलली नाही.

गेलॉर्ड मात्र थांबला. “कशाला गेलास तिकडे?”

“पोराला खायला दिलं.”

“खायला दिलं! एक इनिंग दम निघाला नाही? तुझ्या वेळी अख्ख्या टीमनं तोंडाला कुलूप लावलं होतं. मी तुझा कॅचर, मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणून तुझं नाव आहे त्या भिंतीवर. विसरलास?”

लेलँडकडे या सगळ्याला एका वाक्याचं उत्तर होतं. पन्नास वर्षं होतं. त्यानं ते याही वेळी गिळलं.

“नाही विसरलो,” तो म्हणाला.

“लोक काय म्हणतायत ते कळतंय ना?”

“तू काय म्हणतोस?”

गेलॉर्डनं टोपी काढून पुन्हा घातली. “मी काही म्हणत नाही,” तो म्हणाला आणि बाकांना धरत धरत खाली उतरला.

स्टँड हळूहळू रिकामं झालं. काही लोकांनी आठवण म्हणून मैदानातली माती प्लास्टिकच्या डब्यांत भरून घेतली. कुणी फळ्यापुढं उभं राहून फोटो काढले. मग गाड्या सुरू झाल्या, फाटकातून बाहेर पडल्या, आणि वाऱ्यानं कागदी पेले बाकांखालून इकडून तिकडे नेले. लेलँड उठला नाही. घरी जाऊन काय करायचं होतं? कुंपणावर ठेवायलाही आज काही नव्हतं. सकाळी तो या गावातला एकमेव नो-हिटरवाला होता आणि आताही होता, आणि पुढंही तोच राहणार होता. इतकं एकटं त्याला बर्नाडीनच्या दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक हात हातात घेत होते.

बऱ्याच वेळानं बुटांचा आवाज आला. रिगो कपडे बदलून आला होता, केस ओले होते. हातात कागदात गुंडाळलेला कोलाचे. तो पुढच्या रांगेत, जरा अंतरावर बसला.

“वडिलांना फोन केला,” तो म्हणाला. “ते म्हणाले, जिंकलात ना, मग झालं. त्यांना नो-हिटर म्हणजे काय ते समजावून सांगायच्या आत जेवणाची सुट्टी संपली त्यांची.”

“माझ्यावर चिडलायस?”

“नाही.”

“बाकीचे चिडलेत.”

“मला म्हणाले ते. कॅप्टन म्हणाला, म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं.” रिगोनं कागद उलगडला. “केलंत का?”

लेलँडनं मैदानाकडे पाहिलं. “खाली आलो तेव्हा नाही. पण सातव्या इनिंगला मनात म्हणालो होतो, एक पडू दे.”

रिगो थोडा वेळ चावत राहिला. “मीपण म्हणालो होतो. सातव्यालाच. म्हटलं, पडू दे एकदाचा, म्हणजे कुणीतरी बोलेल.”

लेलँडला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही त्यानं बाहीनं पुसलं.

“चांगला आहे हा,” रिगो म्हणाला. “दातांत अडकतो, पण चांगला आहे.” मग त्याचं लक्ष गादीकडे गेलं. “ही कुणाची? सगळे हिला वळसा घालून जातात. दोन वर्षं बघतोय, विचारीन म्हणत होतो.”

“बायकोची. बर्नाडीनची.” या बाकावर ते नाव दोन वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं.

“कशा होत्या?”

लोकांनी डबे भरून जेवण आणलं होतं, अंगणातलं बर्फ काढून दिलं होतं, गवत कापून दिलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. लेलँडनं गादी उचलून मांडीवर घेतली. तिच्याखालचं लाकूड बाकीच्या बाकापेक्षा जास्त गुळगुळीत झालं होतं.

“इकडे येऊन बस,” तो म्हणाला.

रिगो त्याच्या रांगेत आला आणि त्या जागेवर बसला. उरलेल्या कोलाचेचे त्यानं दोन तुकडे केले आणि एक लेलँडला दिला.

“तिला बेसबॉलमधलं काहीसुद्धा कळायचं नाही,” लेलँड म्हणाला. “माझ्या त्या नो-हिटरच्या दिवशी आमची ओळखही नव्हती. आईबरोबर टेबलावर कोलाचे विकायला आली होती. आठव्या इनिंगला त्या कठड्यापाशी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं, त्यामुळं तिला कुणी बघितलंच नाही. आणि मला म्हणाली, तू असा एकटाच का बसलायस? बरं वाटत नाही का?”